वाऱ्याची झेंडी: घरी कशी करावी, रेंजवर कुठे लावावी
नेमबाजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाऊस ओसरला की गोव्यातल्या उघड्या रेंजवर पुन्हा वर्दळ सुरू होते आणि आमच्याकडे वाऱ्याची पत्रे येऊ लागतात. या वेळी बहुतेकांनी नेमबाजाला वारा दाखवणाऱ्या झेंड्यांबद्दलच विचारले आहे, म्हणून सगळे पान त्यांनाच दिले. उत्तरे मुख्यतः ५० मीटर पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या) रायफलची आहेत. जिथे वेगळा प्रकार आहे तिथे तसे लिहिले आहे.

आमच्या क्लबात ५० मीटरच्या आठ लेन आहेत. तयार झेंड्या परवडत नाहीत. कापड कोणते, माप किती, एकूण कापड किती लागेल? शिंपी विचारतो, कडा दुमडून शिवू का? (फोंडा)

शिंप्याला आधी नको म्हणून सांगा. दुमडून शिवलेल्या कडेत कापडाचे दोन पदर आणि वर दोरा येतो. पट्टी कडेने ताठ होते आणि मंद वाऱ्यात हलतच नाही. नेमका हाच वारा आपल्याला बघायचा असतो.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत ५० मीटरसाठी झेंडीचे माप ५० मिमी बाय ४०० मिमी आहे. कापड सुती, दर चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅम वजनाचे. म्हणजे एक झेंडी साधारण ३ ग्रॅमची होते. घरगुती झेंडीलाही हेच माप धरा. मुलांनी सराव एका झेंडीवर करायचा आणि स्पर्धेत दुसरीच बघायची, यात त्यांचे नुकसान आहे.

दुकानदाराला चौरस मीटरचे वजन सहसा सांगता येत नाही. चार-पाच सुती कापडांचे वीतभर नमुने घ्या, त्यांतून १० सेंमी बाय १० सेंमीचे तुकडे कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. १.५ ग्रॅमच्या आसपास भरेल ते कापड आपले. मात्र वजन करण्याआधी नमुना धुऊन वाळवा. कोऱ्या कापडात खळ असते. तिने वजनही वाढते आणि पट्टी पुठ्ठ्यासारखी उभी राहते. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, साबणाने दोनदा धुऊन, इस्त्री करून मगच कापायला घ्यावे. आटायचे ते कापड तेवढ्यात आटूनही जाते.

आता हिशेब. पट्टीची लांबी ४० सेंमी, वरच्या बाजूला शिवणीसाठी आणखी ३, एकूण ४३. ९० सेंमी पन्ह्याच्या कापडातून दोन्ही काठ काढून टाकले तर एका ओळीत १७ पट्ट्या निघतात, दोन ओळींत ३४. आठ लेनच्या नऊ सीमारेषा आणि प्रत्येकीवर दोन झेंड्या धरल्या तर १८ लागतात. बाकीच्या शिलकीत राहतील. आटणे धरून सव्वा मीटर कापड पुरे.

कापताना लांबी कापडाच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने ठेवा. पट्टीच्या हद्दीवरचा एक धागा ओढून काढला की सरळ फट दिसते, तिच्यावरून कात्री चालवा. डोळ्यांच्या अंदाजाने कापलेली पट्टी थोडी तिरपी जाते आणि दोन आठवड्यांत पिळा घेते. पिळलेली झेंडी वारा नसतानाही एका बाजूला तोंड करून लटकते, आणि नवशिका त्या बाजूला वारा समजतो. कडा उसवू नयेत म्हणून शिंप्याकडच्या दातेरी कात्रीने कापा, तेवढे बस्स.

वरच्या ३ सेंमीची घडी घालून शिवा आणि त्या खोबणीत ६ सेंमी लांबीचा माडाचा हीर घाला. केरसुणीतला जाडसर, सरळ हीर निवडावा. लोखंडी तार गंजते आणि कापडावर डाग पाडते. हीर हलका असतो, गंजत नाही आणि तुटला तर दुसरा कुठेही मिळतो. हिराच्या दोन टोकांना दोरा बांधून वर त्रिकोण करा. त्रिकोणाच्या शेंड्याला गळाच्या दुकानात मिळणारी सर्वांत लहान बेअरिंगची फिरकी अडकवा. झेंडी तयार.

नायलॉनची रिबन का नको, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. रिबन फार लवकर आडवी होते. मध्यम वाऱ्यात ती पूर्ण ताठ उभी राहते आणि त्यापुढे वारा दीडपट झाला तरी चित्र तेच दिसते. सुती पट्टी हळूहळू वर चढते, म्हणून तिच्यात पायऱ्या वाचता येतात.

झेंडी काठीला गुंडाळून बसते. दर पाच मिनिटांनी सीझ फायर (गोळीबार थांबवण्याची हाक) घेऊन सोडवायला जायचे का? (म्हापसा)

तुमच्या पत्रातल्या चित्रावरून कारण स्पष्ट आहे. झेंडी काठीच्या शेंड्यालाच बांधली आहे. ती काठीपासून दूर लटकायला हवी, आणि ते अंतर झेंडीच्या लांबीपेक्षा जास्त हवे. काठीच्या माथ्यावर ४५ सेंमीची बांबूची कामटी आडवी बांधा आणि तिच्या टोकाला फिरकी अडकवा. ४० सेंमीची पट्टी काठीकडे पूर्ण आडवी झाली तरी पोचत नाही. ३ ग्रॅमचे ओझे कामटीला काहीच नाही. मात्र तिची बांधणी दोन ठिकाणी घ्या, नाहीतर ती काठीभोवती सरकते.

कामटीचे टोक नेमबाजाकडे ठेवावे. मग झेंडी काठीच्या पुढे येते आणि पूर्ण दिसते. उलट लावली तर काठी झेंडीच्या आड येते, आणि बारीक हालचाल तिथेच हरवते.

फिरकी हाताने फिरवून सहज फिरते म्हणून ती चांगली समजू नका. बोटाचा जोर आणि ३ ग्रॅमच्या पट्टीचा जोर यांत फार फरक आहे. झेंडी फिरकीला लावून घरात पंख्यापासून दूर लटकवा आणि हळूच फुंकर मारा. पट्टी वळून परत सैल, निवांत लटकली पाहिजे. अर्धवट वळून थांबली तर फिरकी अडते आहे. रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. ग्रीस लावू नका, त्यात रेंजवरची माती बसते.

झेंड्या नेमक्या कुठे लावाव्यात? आमच्या रेंजवर कोणी टार्गेटच्या वर लावतो, कोणी मागच्या मातीच्या बांधावर. उंची किती असावी? सगळ्या रेषांवर लावायलाच हव्यात का? (डिचोली)

बांधावरची झेंडी आजच काढा. बांध चढताना वारा वर दाबला जातो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. तिथली झेंडी फडफडते, खाली गोळीच्या वाटेवर मात्र निम्माही वारा नसतो. दुसरे असे की गोळी तिथे पोचते तेव्हा काम संपलेले असते.

गोळीवर सर्वांत जास्त परिणाम सुरुवातीच्या टप्प्यातल्या वाऱ्याचा होतो. पहिल्या दहा मीटरांत तिला बाजूचा जो वेग मिळतो, तो घेऊन ती उरलेले चाळीस मीटर जाते. शेवटच्या दहा मीटरांत मिळालेल्या ढकलणीला सरकायला जागाच उरत नाही. सगळीकडे सारखा वारा धरला तर पहिल्या २५ मीटरांतला वारा एकूण सरकण्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग देतो. म्हणूनच नियमांत ५० मीटर रेंजवर झेंड्यांची जागा १० मीटर आणि ३० मीटर अशी आहे. ३०० मीटरला ५०, १०० आणि २०० मीटर, आणि तिथली झेंडी २०० मिमी बाय ७५० मिमीची.

जागा लेनच्या मधोमध नाही, दोन लेनच्या सीमारेषेवर. तुमच्या लेन दीड मीटर रुंद असतील तर सीमेपासून लेनचा मध्य ७५ सेंमीवर येतो. ४० सेंमीची झेंडी आडवी झाली तरी गोळीच्या वाटेपासून ३५ सेंमी लांब राहते. लेन मीटरभरच रुंद असेल तर हे अंतर १० सेंमीवर येते. तिथे प्रत्येक लेनवरून डोळा लावून, कोणी झेंडी हाताने आडवी धरून, टार्गेट झाकत नाही ना हे पाहा.

उंचीचा हिशेब असा. ५० मीटरच्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून साधारण ७५ सेंमी असतो. उभ्याने मारताना नळी दीड मीटरच्या आसपास असेल, तर गोळी १० मीटरवर सुमारे १३५ सेंमी आणि ३० मीटरवर १०५ सेंमी उंचीवरून जाते. प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून मारताना, नळी ३० सेंमी धरली तर तीच वाट १० मीटरवर ३९ आणि ३० मीटरवर ५७ सेंमीवर येते. एकाच उंचीची झेंडी दोन्हींना पुरी पडत नाही. आमचे मत असे: क्लबात दोन्ही चालत असतील तर १० मीटरची काठी उंची बदलता येईल अशी करा, ३० मीटरची एकाच उंचीवर, कामटी मीटरभर वर येईल अशी ठेवा.

त्यासाठी २५ मिमीचा पीव्हीसी कन्ड्यूट पाइप ४० सेंमी खोल गाडून त्यात २० मिमीचा पाइप सरकता ठेवा. आतला पाइप बाहेरच्यात सैल बसतो का हे दुकानातच तपासा. पाइपांची जाडी सारखी नसते. आतल्या पाइपला दर १५ सेंमीवर आरपार भोक पाडून लाकडी खुंटी घाला, झेंडी हवी तिथे थांबते. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, रेंजमध्ये खड्डा मारणे कठीण. तिथे पाच लिटरच्या प्लास्टिकच्या तेलाच्या कॅनमध्ये ओली वाळू भरून पाइप उभा करा. चिऱ्याचे तुकडे, खडी, सिमेंटचे ठोकळे किंवा लोखंडी सळई रेंजच्या तोंडाशी ठेवू नका. चुकलेली गोळी त्यांवरून उडते. बांबू, पीव्हीसी आणि वाळू यांतून ती आरपार जाते किंवा थांबते.

काठी ओळंब्यात हवी. बाजूने झुकलेल्या काठीची कामटी स्वतःच्या भाराने हळूहळू उताराकडे सरकते आणि झेंडी लेनमध्ये येते.

सगळ्या रेषांवर लावल्या तर उत्तमच. हाताशी कमी असतील तर एक सोडून एक रेषा घ्या. आठ लेनच्या नऊ रेषांपैकी पहिली, तिसरी, पाचवी, सातवी, नववी. पाच रेषा, दहा झेंड्या, आणि प्रत्येक लेनला एका बाजूला झेंडी मिळते. पण दहाही झेंड्या एकाच कापडाच्या असू द्या. निम्म्या सुती आणि निम्म्या रिबनच्या असतील तर दोन झेंड्यांची तुलना करता येत नाही, आणि वाऱ्याचे वाचन म्हणजे बहुतांशी तुलनाच असते.

झेंड्या लावायला जाताना रेंज ऑफिसरने सीझ फायर पुकारलेला असावा, बोल्ट उघडे असावेत, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) दिसत असावा आणि कोणीही रायफलला हात लावलेला नसावा. झेंडी अडकली म्हणून घाईत पुढे धावणे कोणत्याही क्लबात चालू देऊ नये.

मुलगी सकाळी आठला साइट (रायफलवरची नेम धरायची पट्टी) लावते, सगळे शॉट दहाच्या वर्तुळात बसतात. बाराच्या सुमाराला शॉट उजवीकडे जातात, आणि थोडे खालीही. उजवीकडे का ते कळते, खाली का? कोच म्हणतात श्वास चुकतो. (पणजी)

आधी रेंजची दिशा पाहू. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून आपल्याकडच्या उघड्या रेंज शक्यतो उत्तरेकडे तोंड करून बांधतात. तुमच्या वर्णनावरून तुमची तशीच आहे. ऑक्टोबरनंतर गोव्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पूर्वेकडून, बहुधा मंद. ऊन तापले की तो पडतो, थोडा वेळ हवा थांबते आणि मग पश्चिमेकडून, वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी तो जोर धरतो. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या नेमबाजाच्या दृष्टीने सकाळचा वारा उजवीकडून येतो आणि दुपारचा डावीकडून. म्हणजे वाऱ्याची बाजूच उलटते. सकाळी उजव्या वाऱ्यात लावलेली साइट त्या वाऱ्याची भरपाई आत घेऊन बसलेली असते, त्यामुळे दुपारी दोन्ही चुका एकाच बाजूला जमा होतात.

आकड्यांत सांगायचे तर सेकंदाला १ मीटर वेगाचा पूर्ण आडवा वारा ५० मीटरवर पॉइंट टू-टूची साधी मॅच (स्पर्धेची) गोळी सुमारे ५ मिमी सरकवतो. रायफल टार्गेटचे दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते आणि गुणाचा प्रत्येक दशांश ०.८ मिमीचा. १०.९ ची, म्हणजे सर्वाधिक गुणांची, गोळी एवढ्याशा वाऱ्यात १०.३ च्या आसपास येते. ३ मीटरचा वारा असेल तर १५ मिमी, म्हणजे ९ च्या आसपास. सकाळी उजवीकडून १ आणि दुपारी डावीकडून २ मीटर असेल तर दोन्ही मिळून फरक ३ मीटरचाच.

आता खाली जाण्याचे. श्वास चुकत असेलही, पण हा नमुना वाऱ्याचा आहे. उजव्या पिळाच्या (गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या खाचांच्या) नळीतून सुटलेली फिरती गोळी आडव्या वाऱ्यात शिरते तेव्हा ती फक्त बाजूला जात नाही. डावीकडून वारा असेल तर ती उजवीकडे आणि थोडी खाली, उजवीकडून असेल तर डावीकडे आणि थोडी वर जाते. घड्याळाच्या भाषेत चार आणि दहा. खालीवर होणे बाजूच्या सरकण्यापेक्षा बरेच कमी असते, पण दशांशांत मोजताना दिसते. तुमच्या मुलीचे दुपारचे शॉट चारच्या दिशेला रांगेत पडत असतील तर कोचांना ते टार्गेट दाखवा. श्वासाची चूक बहुधा सरळ वर-खाली पसरते.

करायचे काय? साइट लावताना झेंडीची स्थिती वहीत चितारून ठेवावी: कोणत्या बाजूला, किती वर. हवा थांबते त्या मधल्या वेळात, झेंड्या सरळ लटकत असताना, दहा शॉटचा एक ग्रुप जरूर घ्यावा. तोच खरा झीरो, म्हणजे वारा नसतानाची साइटची जागा. साइट सरकवण्याचे पुढचे सगळे क्लिक त्याच्यापासून मोजायचे.

गोळीचा वेग जास्त असेल तर वारा कमी लागेल ना? हाय-व्हेलॉसिटी गोळ्या घ्याव्या का? (पेडणे)

नको. वाऱ्यातले सरकणे किती वेळ लागला यावर नाही, हवेच्या अडवण्यामुळे किती उशीर झाला यावर ठरते. ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुटलेल्या पॉइंट टू-टू गोळीला हवा फार जोरात अडवते, त्यामुळे ५० मीटरवर ती साध्या मॅच गोळीपेक्षा जास्तच सरकते.

सत्तरीतल्या मोकळ्या जागेत आम्ही सराव करतो. १० मीटरची झेंडी डावीकडे आणि ३० मीटरची उजवीकडे उडते. कोणावर विश्वास ठेवायचा? (वाळपई)

दोघींवरही, पण वजन जवळच्या झेंडीला जास्त द्या. कारण वर डिचोलीच्या उत्तरात दिले आहे. त्याहून महत्त्वाचे, असा उलटा वारा कुठून येतो ते शोधा. तुमच्या पत्रात डाव्या हाताला चिऱ्यांची कुंपणभिंत आहे असे लिहिले आहे. भिंतीवरून आलेला वारा पलीकडे खाली उतरताना भोवरा करतो आणि भिंतीजवळ उलटा वाहतो. हा गोंधळ भिंतीच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत राहू शकतो. दोन मीटरची भिंत असेल तर वीस मीटर. झेंडी खोटे बोलत नाही, तिथे वारा खरोखरच उलटा असतो.

अशा जागी तिसरी झेंडी २० मीटरवर लावा. मधली झेंडी कोणाच्या बाजूने जाते यावरून भोवऱ्याची हद्द कळते. आणि मारायची वेळ निवडा. दोन झेंड्या झगडत असताना भरपाई मोजत बसण्यापेक्षा, वारंवार परत येणारी एक स्थिती ठरवावी आणि तीच दिसेल तेव्हा ट्रिगर दाबावा. घाटाच्या पायथ्याशी खारा वारा किनाऱ्यापेक्षा उशिरा पोचतो, त्यामुळे सकाळची स्थिर वेळ तुम्हाला पणजीपेक्षा जास्त मिळते. ती वापरा.

दोन रंगांची पंख्यासारखी झेंडी, मागे शेपटी असलेली, पाहिली. ती घरी होईल का? (वास्को)

होते, आणि सरावासाठी फार उपयोगी आहे. तिचे पान वाऱ्याची दिशा दाखवते, शेपटी जोर.

पानासाठी जुन्या जाहिरातींच्या फलकांचा ४ मिमी सनपॅक (पोकळ प्लास्टिकचा पत्रा) घ्या, १५ सेंमी बाय २० सेंमी. दांड्यासाठी ४५ सेंमी लांब बांबूची गोल काठी, ८ मिमी जाड. तिरंदाजांचा मोडका बाण मिळाला तर तो अधिक सरळ. पान दांड्याच्या मागच्या टोकाला उभे बसवा. टेकू नाकापासून, म्हणजे दांड्याच्या पुढच्या टोकापासून, १५ सेंमीवर, म्हणजे लांबीच्या एक-तृतीयांशावर.

टेकूसाठी सायकलचा २ मिमीचा स्टेनलेस स्पोक काठीच्या माथ्यात उभा ठोकून त्याचे टोक कानशीने अणकुचीदार करा. त्यावर धातूच्या पेनाचे टोपण उपडे ठेवा आणि दांडा त्या टोपणाला आडवा बांधा. इथे एक गोष्ट बहुतेकांची चुकते: दांडा टोपणाच्या वरच्या टोकाशी बांधतात. मग सगळा भार टेकूच्या वर येतो, टोपण कलते, त्याची आतली बाजू स्पोकला घासते आणि झेंडी अडकते. दांडा टोपणाच्या खालच्या कडेशी बांधा. भार टेकूच्या खाली गेला की टोपण सरळ राहते.

नाकाला शिशाचे वजन लावून तोल साधायचा. वर दिलेल्या मापाला ४० ते ५० ग्रॅमच्या आसपास लागते, पण आकड्यावर जाऊ नका. शेपटी लावून, रंग देऊन, सगळे पुरे झाल्यावर दांडा पाणसळीत आडवा राहीपर्यंत शिसे कमी-जास्त करा. शेपटीशिवाय साधलेला तोल शेपटी लावताच बिघडतो. तोल नसलेली झेंडी, काठी थोडीही कलली की, वाऱ्याऐवजी उतार दाखवते.

रंग असे द्या: नाकाच्या दिशेने पाहताना पानाची डावी बाजू पिवळी, उजवी गडद निळी. वारा डावीकडून आला की नाक डावीकडे वळते आणि नेमबाजाला पिवळे दिसते. उजवीकडून आला की निळे. समोरून किंवा मागून असेल तर फक्त कड दिसते. रायफलवरून नजर न हलवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून रंग कळतो. लाल रंग गोव्यात टाळा, मागे चिऱ्याची लाल माती असते. हिरवाही पावसाळ्यात झाडीत हरवतो. सुती झेंड्यांनाही हाच नियम. दोन रंगांच्या किंवा पट्ट्यांच्या झेंड्या नियमांत चालतात.

शेपटीला ६० सेंमी लांब हलकी प्लास्टिकची फीत. ती उन्हाने कडक होते आणि मग कमी वारा दाखवते, म्हणून चुरगळताना आवाज येऊ लागला की बदला.

स्वतःची झेंडी स्पर्धेत नेता येते का? (मडगाव)

आयएसएसएफच्या नियमांनुसार नाही. खासगी वारादर्शकाला मनाई आहे; आयोजकांनी लावलेल्याच झेंड्या. तुमच्या लेनसमोरची झेंडी टार्गेट झाकते आहे असे वाटले तर तयारीची वेळ सुरू होण्याआधी अधिकाऱ्यांना सांगा. नंतर केलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही.

तिरंदाजीच्या झेंड्याही याच मापाच्या करू का? (कुंकळ्ळी)

नाही. तिरंदाजीत झेंडी टार्गेटच्या मध्याच्या वर असते, टार्गेट किंवा त्याचा क्रमांक, जे उंच असेल त्याच्या माथ्यापासून ४० सेंमी वर. आकार कोणत्याही बाजूने २५ सेंमीपेक्षा कमी आणि ३० पेक्षा जास्त नको. हलके पिवळे कापड घ्या. बाण गोळीपेक्षा कितीतरी सावकाश जातो आणि झेंडी दुरून दिसावी लागते, म्हणून इथे वजनापेक्षा दिसणे महत्त्वाचे.

समुद्र जवळ आहे. दोन महिन्यांत फिरक्या गंजल्या, कापडावर काळी बुरशी आली. (काणकोण)

झेंड्या रात्री रेंजवर ठेवता, हे मूळ कारण. दवाने भिजलेली सुती पट्टी कोरडीपेक्षा कितीतरी जड असते. सकाळी आठला ती खाली लोंबते आणि वारा नाही असे वाटते. दहाला वाळली की तीच पट्टी वर उचलते, आणि मुलांना वाटते वारा वाढला. झेंड्या सत्र सुरू होताना लावा, संपताना उतरवा. काठ्या तिथेच राहू द्या. पावसाळ्यात दमट हवेने सगळ्याच पट्ट्या थोड्या जड होतात. त्या दिवसांत एक कोरडी पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून अधूनमधून शेजारी लटकवून पाहा, फरक डोळ्यांनी दिसतो.

फिरक्या स्टेनलेसच्या घ्या. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात बुडवून, पुसून, तेलाचा थेंब. बुरशी आलेल्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरू नका. धागा कमजोर होतो आणि डाग पडलेला भाग जड राहतो. सव्वा मीटर कापडातून शिलकीतल्या निघतातच.

झेंडी किती उचलली म्हणजे वारा किती? कोनाला चाराने भागायचे असे कोणी सांगितले. (साखळी)

तो ठोकताळा लांब पल्ल्याच्या मोठ्या झेंड्यांचा आहे आणि उत्तर ताशी मैलांत देतो. तुमच्या ३ ग्रॅमच्या पट्टीला तो लागू नाही. तक्ता स्वतःच करा. हातात धरायचा वारामापक एका दिवसासाठी मिळवा आणि झेंडीच्या शेजारी, त्याच उंचीवर, तोंड वाऱ्याकडे करून धरा. सेकंदाला १, २, ३ मीटर असे दिसेल तेव्हा झेंडीचा फोटो बाजूने काढा. प्रत्येक वेगाला पाच-सहा फोटो घेऊन सरासरी स्थिती पुठ्ठ्यावर रेखाटा. कोन वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सुरुवातीला पट्टी जेमतेम हलते आणि मग भराभर चढते. शेवटी ती जवळपास आडवी होते आणि त्यापुढे तिच्याकडून काही कळत नाही.

तिरपा वारा असेल तर घड्याळ धरा. तीन किंवा नऊच्या दिशेचा वारा पूर्ण, दोन-चार-आठ-दहाचा जवळजवळ पूर्णच, सुमारे ८७ टक्के. एक-पाच-सात-अकराचा निम्मा. नवशिके दोन वाजताच्या दिशेचा वारा निम्मा धरतात आणि तिथेच गुण घालवतात.

झेंडी हलत नाही इतका मंद वारा स्कोपमधून (टार्गेट पाहायच्या दुर्बिणीतून) कळतो. स्कोप टार्गेटच्या थोडा अलीकडे फोकस करा. तापलेल्या जमिनीवरची झळ सरळ वर चढते की एका बाजूला वाहते ते पाहा. सड्यावर अकरानंतर ती चांगली दिसते.